अण्णाजी झाड्यांचा तोल

देवळीत अण्णाजी झाड्यांना सायकलशिवाय कोणी पाहिले असेल, तर ते फक्त त्यांच्या लग्नाच्या फोटोत. त्यातही सायकल शेजारीच उभी होती, फोटोवाल्याने ती कापली, असे त्यांच्या पत्नी विमलाबाई सांगतात.

सायकल काळी, उंच, मधल्या दांड्याची. हँडलला पितळी घंटी, मागे रुंद कॅरिअर आणि कॅरिअरवर गोधडीची घडी सुतळीने बांधलेली. ती घडी म्हणजे विमलाबाईंची जागा. रोज सकाळी अण्णाजी एकटे पुलगाव रस्त्यावरच्या आपल्या शेतात जातात आणि दर गुरुवारी संध्याकाळी दोघे मिळून गावाच्या दुसऱ्या टोकाला सामुदायिक प्रार्थनेला जातात. विमलाबाई लग्न होऊन देवळीत आल्या तेव्हापासूनचा हा शिरस्ता. त्यांचा मुलगा धनंजय आता वर्ध्याला शाळेत शिक्षक आहे. तोही लहानपणी याच दांड्यावर बसून प्रार्थनेला जात असे आणि ‘ओम’ म्हणायच्या आत झोपत असे.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. पतसंस्थेतून घरी आलो की ओट्यावर बसतो. त्यामुळे पुढे सांगतो त्यातले बरेचसे मी स्वतः पाहिले आहे, आणि उरलेले ज्यांच्या अंगावर पडले त्यांच्याकडून ऐकले आहे.

अण्णाजींची गावात आणखी एक ओळख आहे, ती त्यांच्या नमस्काराची. त्यांचा नमस्कार पूर्ण असतो. दोन्ही तळवे जुळतात, छातीशी येतात, मान खाली जाते, डोळे अर्धे मिटतात आणि मग शांतपणे ‘राम राम’ येतो. समोरचा वयाने कितीही लहान असो, त्यात काटछाट होत नाही. त्यांच्या वडिलांनी हे शिकवले. माणूस भेटला की सायकलवरून खाली उतरायचे, दोन्ही हात जोडायचे आणि मगच पुढे निघायचे. हल्ली पोरे मोटारसायकलवरून एक हात वर करून जातात, ते त्यांना पाहवत नाही. एका हाताने माशी हाकलतात, असे ते म्हणतात.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा बिघडला. सायकल चालवताना काही होत नसे, पण चढता-उतरताना कळ यायची. त्यावर त्यांनी उपाय काढला. घराच्या ओट्याला सायकल लावायची, ओट्यावरूनच सीटवर बसायचे आणि जायचे तिथे दुसऱ्या ओट्याला नाहीतर शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या दगडाला लावून उतरायचे. मध्ये उतरणे बंद. मध्ये उतरले तर पुन्हा चढायला ओटा शोधत सायकल हातात धरून फिरावे लागे, आणि एकदा तर ते असे ओटा शोधत शोधत पुन्हा घरीच आले होते.

त्याच सुमारास ते पडू लागले.

शेताच्या मोकळ्या रस्त्यावर कधीच नाही. पडायचे ते गावात. रेशन दुकानापाशी पडले, बसस्टँडवर पडले, जिनिंगच्या फाटकासमोर पडले. गावात खड्डे फार आहेत, असा निष्कर्ष सर्वांनी काढला आणि तो खराही होता. मात्र शेवटचे पडणे फार महागात गेले. एका लग्नाला जाताना विमलाबाई मागे बसल्या होत्या, अंगावर नवी साडी होती, आणि रस्ता सरळ असताना सायकल अचानक डावीकडे वळून उकिरड्यात गेली. विमलाबाई तशाच लग्नाला गेल्या. पंगतीत त्यांच्या दोन्ही बाजूंना कोणी बसले नाही. घरी आल्यावर त्यांनी कॅरिअरवरची गोधडी सोडली, धुतली आणि कपाटात ठेवून दिली.

“आता मी तुमच्या मांगं बसत नाई,” एवढेच त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या गुरुवारी त्या पायी प्रार्थनेला गेल्या. अण्णाजी सायकलवरून हळूहळू त्यांच्या मागून गेले. असे काही आठवडे चालले. ज्यांनी ते पाहिले, त्यांना वाटले दोघांचे भांडण झाले आहे. ज्यांनी नाही पाहिले, त्यांना इतरांनी सांगितले.

बातमी वर्ध्याला पोहोचायला वेळ लागला नाही. धनंजय आला. त्याने वडिलांना डॉक्टरकडे नेले. डॉक्टरांनी कान पाहिले, डोळे पाहिले, फरशीच्या सांध्यावरून एका रेषेत चालायला सांगितले. अण्णाजी रेषेत गेले, रेषेत परत आले आणि शेवटी डॉक्टरांना दोन्ही हात जोडून राम राम घातला. काहीही दोष निघाला नाही. दोष निघाला असता तर बरे झाले असते, असे धनंजय म्हणाला, कारण आता फक्त वय उरले होते आणि त्यावर गोळी नाही.

घरी आल्यावर त्याने निकाल सांगितला. आई ज्या दिवशी आपणहून मागे बसायला तयार होईल, त्या दिवशी सायकलचा विषय संपला. नाही झाली, तर पोळ्याला तो येईल तेव्हा सायकल वर्ध्याला नेईल आणि आपल्या फ्लॅटच्या गच्चीवर ठेवील. गच्ची तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. सायकल गच्चीवर गेल्याची कल्पना अण्णाजींना इतकी चमत्कारिक वाटली, की ते बराच वेळ वर पाहत राहिले.

पोळा काही फार लांब नव्हता. अण्णाजी प्रेमदासकडे गेले.

प्रेमदासचे बसस्टँडजवळ वेल्डिंगचे दुकान आहे. हा माणूस कोणत्याही कामाला नाही म्हणत नाही आणि कोणतेही काम कशासाठी आहे हे विचारत नाही. अण्णाजींनी त्याला सांगितले की सायकल पडता कामा नये. प्रेमदासने सायकलभोवती एक फेरी मारली आणि लहान मुलांच्या सायकलला असतात तशी बाजूची चाके लावू या, असे सुचवले.

त्याने प्रथम खरोखरच लहान सायकलची चाके लावली. ती जमिनीपासून वीतभर वर राहिली. म्हणजे सायकल आधी एका बाजूला चांगली झुके आणि मग चाकाला आधार मिळे. अण्णाजी दिवसभर तिरपे फिरले. संध्याकाळी उतरल्यावरही थोडे तिरपेच चालत होते. मग प्रेमदासने मोठी चाके शोधली. त्याच्याकडे कुल्फीच्या एका मोडलेल्या हातगाडीची दोन चाके पडून होती. ती त्याने लांब लोखंडी पट्टीवर बसवली आणि सायकलला जोडली.

सायकल आता पडणे शक्यच नव्हते. पण ती हातगाडीएवढी रुंद झाली होती आणि एका चाकावर कुल्फीवाल्याचे लाल फुलही तसेच होते. पोरे मागे धावू लागली. अण्णाजींनी प्रत्येकाला सांगितले की बाळा, कुल्फी नाही. पोरांना वाटले, संपली. चहाच्या हॉटेलापाशी बाकावरचे लोक उठून उभे राहिले, हसून काहीबाही बोलले, आणि पुढच्या क्षणी सायकलचे हँडल गर्रकन वळून एक चाक नालीत गेले. सायकल पडली नाही, हे मान्य केले पाहिजे. ती नालीत अर्धी बुडून तशीच ताठ उभी राहिली आणि अण्णाजी तिच्यावर बसून राहिले. त्यांना उतरवायला हॉटेलवाल्याने बाक आणून दिला.

विमलाबाईंनी हे ऐकले आणि भाजी चिरत राहिल्या.

दुसरा प्रयोग अण्णाजींच्या स्वतःच्या डोक्यातला होता. त्यांनी आयुष्यभर बैलगाडी हाकली होती. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढून उचलली जाते, दोन्हीकडे सारखा ठेवला की बैलांना त्रास होत नाही. तेच तत्त्व सायकलला लावायचे ठरले. त्यांनी तेलाचे दोन रिकामे प्लास्टिकचे डबे पाण्याने भरले आणि कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकवले. सायकल जड झाली, पण खरोखरच शांत चालू लागली. शेतापर्यंत काही झाले नाही. वाटेतल्या शेतात निंदणाला, म्हणजे तण काढायला आलेल्या बायांनी डबे पाहिले आणि अण्णाजी प्यायचे पाणी घेऊन आले आहेत, असे समजल्या. तहानलेल्या माणसाला नाही म्हणणे अण्णाजींच्या स्वभावात नाही. बायांनी डावा डबा रिकामा केला. उजवा भरलेलाच राहिला. त्या दिवशी अण्णाजी शेतातून घरी आले ते सगळा वेळ डावीकडे लोंबकळत, सर्कशीतल्या माणसासारखे. आमच्या आळीत शिरल्यावर मात्र उजवा डबा जिंकला.

तिसरा प्रयोग बांबूचा. डोंबारी दोरीवर चालताना हातात आडवी काठी धरतो, हे अण्णाजींनी लहानपणी पाहिले होते. हात मोकळे हवेत म्हणून बांबू हँडलला आडवा बांधला. या बांबूने तोल किती सांभाळला ते कळायला वाव मिळाला नाही, कारण आळीच्या तोंडाशी सुलोचनाबाईंची साडी वाळत होती. सुलोचनाबाई अंगणवाडीत सेविका आहेत, आमच्याच आळीत राहतात, आणि पावसाळ्यात ऊन पडले की त्यांचे सगळे घर दोरीवर येते. बांबूने साडी अलगद उचलली. ती जांभळी, काठाची साडी होती. अण्णाजींना काही कळले नाही. साडी झेंड्यासारखी फडकत बसस्टँडपर्यंत गेली आणि सुलोचनाबाई हातात चिमटे घेऊन मागून चालत गेल्या. त्या धावल्या नाहीत. साडी घेऊन गेलेल्या माणसाच्या मागे धावणे त्यांना बरे दिसले नसावे. बसस्टँडवर लोकांनी साडीसकट अण्णाजींचे स्वागत केले आणि तिथे ते पडले, साडीसकट.

सुलोचनाबाईंनी साडी परत घेतली. दुसऱ्या दिवशी आळीत त्या विमलाबाईंना म्हणाल्या की तुमचे मालक फारच हौशी आहेत, माझ्या साडीची वरात काढली, आता तुमचीही काढतील. विमलाबाईंनी घरात जाऊन दार लावले. तेव्हापासून त्या दोघींचे बोलणे बंद झाले.

पोळा जवळ आला. अण्णाजींनी शेवटचा उपाय काढला, आणि तो सगळ्यात मोठा होता. बैल कधी एकटा चालत नाही. जू खांद्यावर असले की एक अडखळला तरी दुसरा त्याला धरून ठेवतो. मग सायकलींची जोडी का नको? प्रेमदासने दोन सायकली शेजारी शेजारी ठेवून मध्ये लोखंडी जू वेल्ड केले. दुसरी सायकल अण्णाजींचे मित्र नानाजी यांची होती. नानाजी एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण जोडी निघाली तेव्हा लक्षात आले की नानाजींनी आयुष्यभर गाडीत मागे उभे राहून घंटी वाजवली होती. ते पायडल मारत नव्हते. निघताना त्यांनी घंटी दोनदा वाजवली आणि आरामात बसून राहिले. सगळी गाडी अण्णाजी ओढत होते.

“नाना, पाय हालव ना बे,” अण्णाजी म्हणाले.

“ड्रायव्हर तू आहेस,” नानाजी म्हणाले. “मी तिकडून गाडी येते का पाहून राह्यलो.”

तरीही जोडी चालली. गावातून लोकांनी दोन्ही बाजूंनी हाका मारल्या, दोघा म्हाताऱ्यांनी सर्वांना व्यवस्थित राम राम घातले आणि जोडी एकदाही पडली नाही. हँडलकडे मात्र कोणाचेच लक्ष नव्हते. रस्ता जिथे वळतो तिथे जोडी वळली नाही. सरळ गेली आणि कडब्याच्या गंजीत शिरली. नानाजींनी एकदा घंटी वाजवली. एस.टी.त एक घंटी म्हणजे थांबा.

या अपघातात कोणालाही लागले नाही, पण नानाजींच्या घरून निरोप आला की सायकल सुटी करून द्यावी. प्रेमदासने जू कापले. अण्णाजींकडे पुन्हा एकच सायकल उरली आणि पोळा उद्यावर आला.

पोळ्याच्या दिवशी दुपारी धनंजय आला. त्याच दिवशी त्याचे सासरे, म्हणजे अण्णाजींचे व्याही प्रभाकरराव, समुद्रपूरहून बसने यायचे होते. धनंजय न्यायाने वागणारा आहे. त्याने वडिलांना एक संधी दिली. कुठलेही चाक, डबा, बांबू किंवा जू न लावता अण्णाजींनी घराच्या ओट्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत जायचे आणि परत यायचे. सरळ आले, तर आईने विचार करावा. वडिलांचे चित्त विचलित होऊ नये म्हणून त्याने आळीतल्या सगळ्यांना घरोघरी जाऊन सांगितले की बाबा जाताना कोणी हाक मारू नका, बोलू नका, शक्य तर पाहूही नका. सगळ्यांनी हे इतके मनावर घेतले, की बैल सजवणारी माणसेही भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

विमलाबाई हातपंपाजवळ बैलांच्या पूजेचे ताट घेऊन उभ्या होत्या. पंपाशेजारी जनावरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद आहे. त्या दिवशी तो काठोकाठ भरला होता.

अण्णाजी ओट्यावरून सीटवर बसले आणि निघाले. सायकल दोरीवर धरल्यासारखी सरळ गेली. देवळाला वळसा घालून सरळ परत आली. विमलाबाई समोर उभ्या राहून पाहत होत्या. मी हे मुद्दाम सांगतो, कारण इतकी वर्षे त्या सायकलवर मागेच बसल्या होत्या. त्यांना नवऱ्याची फक्त पाठ दिसायची, आणि हँडल धरलेल्या माणसाची पाठ व हँडल सोडलेल्या माणसाची पाठ सारखीच दिसते. समोरून त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

सायकल हौदाजवळ आली. घर दहा पावलांवर होते. धनंजयच्या चेहऱ्यावर हार पत्करल्याचा भाव आला होता. तेवढ्यात आळीच्या तोंडाशी प्रभाकरराव प्रकटले. एका हातात पिशवी होती, ती त्यांनी खाली ठेवली. त्यांना कोणीच काही सांगितले नव्हते, कारण ते बसमध्ये होते. नमस्काराच्या बाबतीत प्रभाकरराव अण्णाजींच्या तोडीचे आहेत. त्यांनी दोन्ही हात जोडले, मान लववली आणि म्हणाले, “राम राम, अण्णाजी.”

व्याही दारात आलेला. अण्णाजींचे दोन्ही हात हँडलवरून सुटले, तळवे जुळले, छातीशी आले, मान खाली गेली, डोळे अर्धे मिटले. सायकलने क्षणभर वाट पाहिली आणि मग ती हौदाकडे वळली.

अण्णाजी हौदात बसले. पाणी छातीपर्यंत होते आणि पाण्याच्या वर दोन हात होते, जोडलेले. पडतानाही ते सुटले नव्हते.

“राम राम, प्रभाकरराव,” ते म्हणाले. “बसमंदी गर्दी नव्हती ना?”

प्रभाकररावांनीही हात सोडले नव्हते. पाहुण्याने आधी सोडायचे की घरच्याने, हे ठरत नव्हते. दोघे तसेच राहिले. शिंगांना बेगड लावलेला एक बैल पाणी प्यायला आला, त्याने अण्णाजींना हुंगले आणि त्यांच्या शेजारीच पाणी पिऊ लागला.

विमलाबाईंनी ताट पंपाच्या कट्ट्यावर ठेवले आणि हौदाजवळ गेल्या. उकिरड्यापाशी त्या दिवशी कोण भेटले होते, असे त्यांनी विचारले. अण्णाजींना आठवत होते. गावातला तानबा मोटारसायकलवरून राम राम म्हणत गेला होता. नालीपाशी? हॉटेलातले सगळे. डब्यांच्या दिवशी आळीत? समोरचे साहेब, अण्णाजी म्हणाले. ते मीच होतो, आणि मी खरोखर ओट्यावरून उठून नमस्कार केला होता. रेशन दुकान, बसस्टँड, जिनिंगचे फाटक, प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी होते. शेताच्या रस्त्यावर कोणी नसायचे.

“तुमाले चक्कर येत नाई,” विमलाबाई म्हणाल्या. “तुमाले मानसं येते.”

धनंजयने कपाळावर हात मारला. “बाबा, तुम्ही दोन्ही हात काऊन सोडता?”

“मंग का पायानं करू नमस्कार?” अण्णाजी म्हणाले.

एवढा वेळ कोणी हा प्रश्न का विचारला नाही, याचा विचार आम्ही पुरणपोळी खाताना केला. उत्तर असे निघाले, की जे मागून पाहत होते त्यांना हात दिसत नव्हते, जे गाडीवरून नमस्कार करत होते ते पुढे निघून गेलेले असत, आणि जे समोर थांबत, ते स्वतः नमस्कारात मान खाली घालून असत. खुद्द अण्णाजींना तर आपण हात सोडतो हे माहीतच नव्हते. श्वास सोडतो हे आपल्याला कुठे माहीत असते.

आजार कळला, पण त्याने सायकल वाचली नाही. धनंजयची अट जशीच्या तशी होती. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता, म्हणून तो मुक्कामाला राहिला. संध्याकाळी सायकल न्यायला त्याने एक छोटा टेम्पो सांगून ठेवला. म्हणजे अण्णाजींच्या हातात एक दिवस होता आणि त्या एका दिवसात हात हँडलवर ठेवायचे शिकायचे होते.

सकाळी त्यांनी एका हाताने नमस्कार करून पाहिला. आळीत ते जमले. पण घरी येऊन त्यांना जेवण जाईना, आणि शेवटी ज्यांना ज्यांना एका हाताने केला होता त्यांच्याकडे पायी जाऊन त्यांनी दोन हातांनी पुन्हा केला. मग हात जोडण्याऐवजी घंटी वाजवून पाहिली. लोकांना वाटले वाट मागत आहेत. सगळे बाजूला झाले. आपण आल्यावर गाव बाजूला होते, हे अण्णाजींना एका हाताच्या नमस्काराहून वाईट वाटले.

दुपारी प्रेमदास आपणहून आला. त्याने पत्र्याचे दोन तळवे कापून हँडलच्या पुढे बसवले होते आणि ब्रेकची तार त्यांना जोडली होती. ब्रेक दाबला की पत्र्याचे हात टप्पकन जुळायचे. नखांना त्याने लाल रंगही दिला होता. हे यंत्र उत्तम चालत होते, फार उत्तम. ब्रेक दाबला की नमस्कार होई, आणि नमस्कार केला की ब्रेक लागे. तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल ओढत निघाली होती. अण्णाजींनी गर्दीत ब्रेक दाबत दाबत कुत्र्याला नमस्कार केला, बकरीला केला, विजेच्या खांबाला केला. मारुतीला केला तेव्हा सायकल जागच्या जागी थांबली आणि ते देवासमोर आडवे झाले. पुजाऱ्याने प्रसाद दिला.

संध्याकाळी टेम्पो आला. प्रेमदासने पत्र्याचे हात काढून घेतले. धनंजयने सायकल ओट्यापासून थोडी पुढे नेली. अण्णाजी ओट्यावर बसून तिच्याकडे पाहत नव्हते, ते गच्चीच्या दिशेने पाहत होते, म्हणजे वर्ध्याकडे आणि थोडे वर.

त्या दिवशी गुरुवार होता. प्रार्थनेची वेळ झाली होती. विमलाबाई घरातून बाहेर आल्या. काखेत गोधडीची घडी होती आणि हातात सुतळी. त्यांनी धनंजयला सायकल पुन्हा ओट्याला लावायला सांगितले. मग घडी कॅरिअरवर ठेवून सुतळीने घट्ट बांधली, ओढून पाहिली आणि तीवर बसल्या.

“तुम्ही फक्त हँडल धरा,” त्या अण्णाजींना म्हणाल्या. “नमस्कार माह्याकडं.”

धनंजयने टेम्पोवाल्याला परत पाठवले.

त्या दिवसापासून ही व्यवस्था चालू आहे. समोरून कोणी आले की अण्णाजी हँडल घट्ट धरून नुसते ‘राम राम’ म्हणतात, आणि त्यांच्या पाठीमागून विमलाबाई दोन्ही हात पुढे काढून, तळवे जुळवून, मान लववून तो नमस्कार पूर्ण करतात. दुरून पाहिले तर अण्णाजींना चार हात असल्यासारखे दिसते. गावाने ते मान्य केले. प्रभाकररावांनी फोनवर ऐकले आणि दोघांचा मिळून एक नमस्कार झाला, त्यात कमीपणा काही नाही, असे सांगितले. आता विमलाबाईंना रोज सकाळी शेतातही जावे लागते. त्या म्हणतात की त्यांना घरी कामे आहेत. पण त्या जातात.

एकच अडचण राहिली होती. विमलाबाई सगळ्यांना नमस्कार करत, फक्त सुलोचनाबाईंना नाही. आळीच्या तोंडाशी सायकल आली की त्या हात पदरात गुंडाळून दुसरीकडे पाहत. सुलोचनाबाईंनी हे दोन-तीनदा पाहिले. पुढच्या गुरुवारी त्या मुद्दाम रस्त्याच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या, जांभळी साडी नेसून.

“राम राम, अण्णाजी,” त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हात जोडून तशाच थांबल्या.

अण्णाजी ‘राम राम’ म्हणाले. मागून काही आले नाही. सायकल पुढे चालली होती, पण हँडल थरथरू लागले. अण्णाजींची बोटे एकेक करून सुटू लागली. विमलाबाईंना पाठ दिसत होती, पण आता त्यांना पाठीवरून कळत होते. समोर डावीकडे तोच उकिरडा होता.

सायकल झुकायला लागली आणि विमलाबाईंनी झटकन पदरातून हात काढले, जोडले आणि मान लववली. सायकल सरळ झाली.

“राम राम, विमलाबाई,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “साडी चांगली दिसून राह्यली ना?”

विमलाबाई थोडे अंतर गेल्यावर मागे वळून म्हणाल्या की रंग चांगला आहे, पण दोरी जरा उंच बांधजो.